माजाच्या दिवसांतलं हरीण: विस्कॉन्सिन नदीकाठच्या नोंदी, २०२३

आधी थोडं

मी मूळ सांगलीकडचा, गेली ११ वर्षं विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ राहतो. धनुष्याने व्हाइटटेल हरीण मारायचा प्रयत्न करतोय त्याचा हा तिसरा सीझन, आधीचे दोन्ही कोरडे गेले. या नोंदी सीझन चालू असतानाच फोनवर लिहीत गेलो, नंतर फक्त शुद्धलेखन बघितलंय, चुका झाल्या त्या तशाच ठेवल्यात. आपल्यातले दोघं-तिघं सारखं विचारतात की सुरुवात कशी करायची, मुख्यतः त्यांच्यासाठी. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. इथली गोष्ट वेगळी आहे, हरणं मक्या-सोयाबीनवर वाढलेली, भरपूर, आणि कुठल्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) किती मारायची ते सरकार दरवर्षी ठरवतं.

रट म्हणजे माज. म्हैस माजावर आली म्हणतो ना, तेच. फरक एवढाच की इथे दिवस लहान होत गेले की नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास बहुतेक सगळ्या माद्या थोड्याच दिवसांच्या अंतराने माजावर येतात. एक मादी जेमतेम एक-दोन दिवस माजावर असते, तेवढ्यात फळली नाही तर साधारण २८ दिवसांनी परत येते. त्यामुळे एरवी रात्रीच बाहेर पडणारा मोठा नर, म्हणजे बक, हे दोन-तीन आठवडे भर उन्हातसुद्धा माद्या हुंगत हिंडतो. म्हणून सगळे शिकारी वर्षभराच्या सुट्ट्या याच दिवसांसाठी साठवतात.

१६ सप्टेंबर, शनिवार

आज धनुष्याचा सीझन उघडला. परवाना काढला, राज्यात राहणाऱ्यांना २४ डॉलर. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, मी २०२१ मध्ये केलाय. परवान्यासोबत एका बकची परवानगी येते आणि माद्यांची वेगळी, ती घेताना काउंटी कुठली आणि जमीन सरकारी का खाजगी हे निवडावं लागतं. गेल्या वर्षी मी घाईत खाजगी निवडलं, माझ्याकडे तर कोणाचंच शेत नाही, मग समोर मादी उभी असताना नुसती बघत बसलो. यंदा सरकारी निवडलं, दोनदा तपासून.

माझी जागा लोअर विस्कॉन्सिन स्टेट रिव्हरवे. ही नदीकाठची सरकारी जमीन आहे, प्रेअरी डू सॅकच्या धरणापासून मिसिसिपीला मिळेपर्यंत ९२ मैलांच्या पट्ट्यात पसरलेली, घरापासून पाऊण तास. एका बाजूला उंच कडा, खाली ओकची झाडं, मग उंच गवत आणि नदीचे जुने साचलेले फाटे. राज्याच्या या भागात सरकारी जमिनीवर मचाण रात्री झाडावर ठेवता येत नाही, रोज काढून न्यावं लागतं, आणि झाडात स्क्रू ठोकायचा नाही. म्हणजे पाठीवर १० किलो रोज आत, रोज बाहेर. हलकं स्टँड आणि पट्ट्याने बांधायच्या चार शिड्या घेतल्या, २६० डॉलर. हार्नेसशिवाय (पडू नये म्हणून झाडाला अडकवायचा पट्टा) वर चढू नका, ८० डॉलर वाचवायची ही जागा नाही.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

दसरा. घरी शस्त्रपूजेत धनुष्य ठेवलं, मुलाने त्यावर झेंडूचं फूल वाहिलं, आईला व्हिडिओवर दाखवलं. संध्याकाळी मागच्या अंगणात सराव करताना लक्षात आलं की महिनाभर मी फक्त सरावाच्या साध्या टोकांनी बाण मारतोय. खरी शिकारीची पाती लावून ३० यार्डांवर मारला तर बाण चार इंच डावीकडे. दुसरा मारला, तोही तिथेच. चार इंच म्हणजे फुफ्फुस चुकून खांद्याचं हाड. बाण ज्यावर टेकतो तो रेस्ट अगदी केसभर सरकवत गेलो, अंधार पडेपर्यंत दोन्ही टोकं एका जागी यायला लागली. हे ऑगस्टमध्ये करायचं काम होतं.

२८ ऑक्टोबर, शनिवार

बक जमीन खुराने उकरून तिथे मुततो, वरच्या फांदीला तोंड-डोळे घासतो, त्याला स्क्रेप म्हणतात. मला ओकच्या रांगेत ताटाएवढे पाच स्क्रेप एका ओळीत सापडले, ओली काळी माती, उग्र वास, बोकडाच्या अंगाला येतो तसा. मला वाटलं जागा मिळाली. पहाटेपासून साडेअकरापर्यंत बसलो, खारींशिवाय काही नाही. खाली उतरून दोन आठवड्यांपूर्वी लावलेल्या कॅमेऱ्याचं कार्ड बघितलं: बकचे १४ फोटो, १४ च्या १४ रात्रीचे. तीन वर्षांत मी या स्क्रेपांवर किती सकाळी घालवल्या असतील. स्क्रेप म्हणजे रात्रीच्या पाहुण्यांची वही आहे, तिथे दिवसा बसून उपयोग नाही.

ऑफिसातला एक मित्र आहे, इथलाच, साठीला आलेला, बापाबरोबर लहानपणापासून शिकार करणारा. तो एवढंच म्हणाला की बक शोधू नकोस, माद्या कुठे झोपतात ते शोध, बक आपणहून तिथे येणार आहे.

१ नोव्हेंबर, बुधवार

काल हॅलोविनला बर्फ पडला. आज ऑफिसला दांडी मारून सकाळी फक्त माग बघायला गेलो, धनुष्य नेलंच नाही. दोन वर्षांत शिकलो नाही तेवढं या तीन तासांत कळलं. माद्या आणि पाडसं पहाटे वरच्या मक्याच्या शेतांतून कड्याच्या उतारावरून खाली येतात आणि फाट्याजवळच्या उंच गवतात बसतात. गवतात अंग टेकलेल्या जागा होत्या, बर्फ वितळून पानं दिसत होती, सात मोजल्या. उतार आणि पाण्याचा फाटा यांच्यामध्ये एका ठिकाणी जेमतेम ४० यार्डांची चिंचोळी पट्टी आहे आणि सगळे माग तिथून जातात. बक गवतात शिरतच नाही, तो गवताच्या वाऱ्याखालच्या बाजूने नाक खाली घालून जातो, त्याच्या मोठ्या खुरांचा माग वेगळाच दिसत होता. जमलं तर पहिल्या बर्फाला एक दिवस असाच द्या.

४ नोव्हेंबर, शनिवार

पट्टीच्या वर, उतारावर मचाण बांधलं. अॅपवर वारा वायव्येचा, हिशोबाने माझा वास उजवीकडे जायला हवा होता. ७ वाजता खालून तीन माद्या आल्या, ६० यार्डांवर पुढची थांबली, मान वर, पाय आपटला, आणि फुस्कारा सोडून तिघी पांढऱ्या शेपट्या उभारून पळाल्या. त्यानंतर जंगल बंद.

झालं काय ते नंतर समजलं. इथे मिल्कवीड नावाचं झुडूप असतं, आपल्या रुईच्याच कुळातलं, त्याच्या शेंगेतून तशाच म्हाताऱ्या निघतात. शेंगा खिशात ठेवायच्या आणि वर बसून एकेक म्हातारी सोडायची, वारा नेमका कुठे जातो ते ती डोळ्यांना दाखवते. मी सोडली तर ती वायव्येच्या वाऱ्याला भीक न घालता सरळ उतारावरून खाली गेली, बरोबर त्या पट्टीवर. ऊन यायच्या आधी गार हवा जड असते, ती पाण्यासारखी खाली वाहते. साडेनऊला ऊन उतारावर आलं तसं दुसरी म्हातारी सोडली, ती वर गेली. म्हणजे सकाळी उतारावर बसलो तर माझा वास खालच्या प्रत्येक हरणाला मिळणार, अॅप काहीही सांगो. उद्यापासून खाली, पाण्याला चिकटून बसायचं, म्हणजे वास फाट्यावरून जाईल, तिथे हरीण चालत नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

आज पहाटे घड्याळं एक तास मागे गेली. सूर्यास्त एकदम पावणेपाचच्या आत. कायद्याने सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर २० मिनिटांपर्यंतच बाण मारता येतो, तक्ता छापून खिशात ठेवला.

पाण्याशेजारी बसलो, वास बरोबर पाण्यावरून जातोय, म्हातारीने तपासलं. मग मीच घाण केली. नऊ वाजता काही दिसेना म्हणून शिंगं एकमेकांवर वाजवली, दोन बक भांडताहेत असा आवाज करतात त्याला रॅटलिंग म्हणतात. दहा मिनिटांनी एक तरुण बक आलाही, पण आवाजाकडे येताना तो नेहमी वळसा घालून वाऱ्याखालून येतो, इथे वाऱ्याखाली पाणी, त्याला वळसा घालता येईना. तो लांबच पाच मिनिटं उभा राहिला, त्याला बक दिसेना, वासही येईना, आणि तो निघून गेला. पाण्याला पाठ लावून बसलात तर आवाज करू नका, गप्प बसा. दोन्ही एकत्र चालत नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

वसुबारस. सुट्टी टाकली. ठरवलं होतं की दिवसभर उतरायचंच नाही, आठ वाजता चहाची तलफ आली तरी नाही. सकाळ रिकामी गेली. बहुतेक शिकारी दहाला जेवायला निघतात, पार्किंगमधून गाड्या सुरू झाल्याचे आवाज ऐकू आले.

११:५० ला गवताच्या कडेने बक आला. नाक जमिनीला, तोंड किंचित उघडं, आजूबाजूला न बघता, कामावर निघालेल्या माणसासारखा सरळ. मान फुगून खांद्याएवढी झालेली. रेंजफाइंडरने ५२ यार्ड. मी ३० च्या पुढे मारत नाही. ग्रंट कॉल (बकसारखा घुरघुर आवाज काढणारी नळी) हळू एकदा वाजवला, तो थांबला, बघितलं, आणि परत चालू लागला. मारला नाही, त्याची खंत नाही. पण मचाण २० यार्ड चुकीच्या बाजूला आहे हे कळलं. उतरलो आणि अंधार पडायच्या आत नवीन झाड बघून ठेवलं, दोन शाखांचा ओक, पाठीमागे फांद्या भरपूर, खालून बघितलं तर आकार उठून दिसत नाही.

आजोबा गोठ्यात म्हैस माजावर आली की तिच्या नुसत्या ओरडण्यावरून सांगायचे, उद्या सकाळी रेडा आणा म्हणून. आज त्यांची फार आठवण आली.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

हे सविस्तर लिहितोय कारण इथेच सगळ्यात मोठी चूक झाली.

धनत्रयोदशी. अर्धा दिवस काम करून दीड वाजता नव्या झाडावर. ४:०६ ला पट्टीतून मादी आली, शेपटी एका बाजूला धरलेली, चार पावलं चालायची आणि मागे वळून बघायची. मागून आवाज, घ्रू, घ्रू, डुकरासारखा पण बारीक. बक. कालचाच बहुतेक, आठ टोकांची शिंगं, मागच्या पायांच्या गुडघ्यांचे केस काळेकुट्ट भिजलेले. मादी माझ्यासमोर १८ यार्डांवर थांबली, बक २४ वर, तिरका, माझ्याकडे तोंड करून येत होता. मी धनुष्य ओढलेलं होतंच. तो चालत होता म्हणून मी तोंडाने 'मॅ' असा आवाज करून त्याला थांबवला. तो थांबला, पण तिरकाच थांबला. मी सोडला.

चूक कळली का? मादी थांबलेली होती. माजावरची मादी थांबली की मागचा बकही आपोआप थांबणार होता, एक-दोन पावलांत आडवा होऊन उभा राहिला असता. मला फक्त तीन सेकंद दम धरायचा होता. तिरक्या हरणात बाण बरगड्यांच्या मागे गेला. बक उडी मारून पळाला नाही, पाठीला कुबड काढून, शेपटी खाली दाबून, हळूहळू चालत गवतात गेला. हे पोटात लागल्याचं लक्षण. १५ मिनिटांनी खाली उतरून बाण बघितला, पिसांना हिरवट तपकिरी लागलेलं, शेणाचा वास. शंकाच नाही.

सगळे सांगतात, फुफ्फुसात लागलं असेल, रक्त गुलाबी फेसाळ असेल तर अर्धा तास थांबा, यकृतात, गडद लाल असेल तर चार ते सहा तास, आणि पोटात असेल तर आठ ते बारा तास, हलू नका. हे मी कोर्समध्ये शिकलोय, परीक्षेत लिहिलंय. तरी गेलो. अमावस्या जवळ, अंधार मिट्ट होणार, पलीकडच्या तीरावर कायोटी (इथले कोल्ह्यासारखे प्राणी) ओरडायला लागलेले, आणि डोक्यात एकच, रात्रीत हे खाऊन टाकतील. पाचला पाच कमी असताना, म्हणजे ५० मिनिटांनीच, टॉर्च घेऊन शिरलो. ८० पावलांवर गवत दाबलेलं, मध्ये तळहाताएवढं गडद रक्त. हात लावला. गरम होतं. त्याच क्षणी पुढे २० यार्डांवर गवत सळसळलं आणि पाण्यात धबाधबा आवाज झाला. तो तिथेच बसलेला होता, मी जाऊन उठवला. मी गेलो नसतो तर तो तिथेच, त्याच जागी गेला असता.

मित्राला फोन केला. तो रागावला नाही, एवढंच म्हणाला, आता मागे फिर, आलास त्याच वाटेने, आणि कुत्रीवाल्या बाईंचा नंबर देतो. इथे जखमी हरणाचा माग काढायला दोरीला बांधलेला कुत्रा वापरता येतो.

घरी आईचा व्हिडिओ कॉल होता, तिकडे शनिवारची सकाळ. आईला माझं हे सगळं कधीच पटलेलं नाही. तिला सांगितलं काय झालं ते. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "मुकं जनावर तळमळत असेल रे. आता मारलंयस तर सोडून येऊ नकोस, मिळेपर्यंत शोध." झोप लागली नाही.

११ नोव्हेंबर, शनिवार

गाडीतला पारा पहाटे उणे दोन सेल्सियस. काल हवा उबदार असती तर आज मांस वाया गेलंच असतं. ८ वाजता बाई आल्या, सोबत डॅक्सहुंड जातीची बसकी, खरखरीत केसांची कुत्री, गळ्यात १० मीटरची दोरी. त्यांनी मला आधी काय विचारलं तर, किती वेळाने आत गेलास? सांगितलं ५० मिनिटं. त्या नुसती मान हलवून पुढे झाल्या. मला म्हणाल्या, तू माझ्या मागे चाल, कुठेही पाय ठेवू नकोस, काल तुझ्या बुटाला लागलेलं रक्त तू सगळीकडे पसरवलंयस.

कालच्या जागेवरून कुत्री सरळ पाण्यात गेली. मला वाटलं वास तुटला. ती फाट्यातून पोहत पलीकडे, बाई कंबरेएवढ्या पाण्यात, कडेला बर्फाचा पापुद्रा. पलीकडे रक्ताचा थेंबही नव्हता, मी एकटा असतो तर इथेच संपलं असतं. कुत्री डोगवुडच्या झाडोऱ्यात शिरली, दोनदा चुकली, परत मागे आली, परत नाक खाली. ८:५५ ला दोरी ताठ झाली आणि ती भुंकली. फोनच्या नकाशावर झाडापासून ४३० यार्ड. बक कुशीवर पडलेला, डोळे उघडे, त्यावर दव गोठलेलं. कायोटींनी एक मागची मांडी पूर्ण खाल्लेली. बाकी शाबूत.

मी खाली बसलो आणि त्याच्या मानेवर हात ठेवला, माफी मागितली. बाईंनी कुत्रीला खायला दिलं आणि दुसरीकडे बघत उभ्या राहिल्या. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, पेट्रोलचे म्हणून ४० डॉलर कसेबसे घेतले.

पोटात लागलेल्या हरणाची आतडी काढताना सावकाश काढा, आणखी काही फाटू देऊ नका, आणि जिथे जिथे शेण लागलंय ते मांस धुवून वाचवायला जाऊ नका, कापून टाका. मित्राच्या गॅरेजमध्ये टांगलं आणि संध्याकाळपर्यंत तिथेच कापलं, उद्या लक्ष्मीपूजन, घरात हे आणायचं नाही असं बायकोने आधीच सांगितलेलं आणि ते बरोबरच होतं. दोन खांदे, मान, पाठीच्या दोन्ही पट्ट्या, एक मांडी. १६ किलो, २३ पाकिटं, प्रत्येकावर तारीख आणि 'बक १'. फोनवरून नोंदणी केली, हरीण हातात आल्यानंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत करावी लागते.

१२ नोव्हेंबर, रविवार

अभ्यंगस्नानाला उठलो तेव्हा हात अजून ठणकत होते. फराळाला बोलावलेल्या मंडळींपैकी दोघांनी पाकीट मागितलं, नाही म्हणालो, वाईट वाटलं त्यांना. कारण असं की या भागातल्या हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा रोग आहे, मेंदू पोखरणारा, हरणाला हमखास मारणारा. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ मध्ये माउंट होरेबजवळच्या हरणांत पहिल्यांदा सापडला, माझ्या जागेपासून ते लांब नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध नाही, पण बाधित मांस खाऊ नका असाच सरकारी सल्ला आहे, आणि शिजवून तो मरत नाही कारण तो जंतूच नाही, बिघडलेलं प्रथिन आहे. तपासणी फुकट असते. शिंगं कापून, थोडी मान ठेवून डोकं पिशवीत घालायचं, चिठ्ठी भरायची आणि पेटीत टाकायचं, पेटी २४ तास उघडी. सकाळी जाता जाता टाकून आलो.

१८ नोव्हेंबर, शनिवार

बंदुकीचा नऊ दिवसांचा सीझन सुरू. या दिवसांत धनुष्यवाल्यांनाही भगवं किंवा भडक गुलाबी जाकीट सक्तीचं. गेलो नाही.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

ईमेल आला. बकमध्ये सीडब्ल्यूडी सापडला.

बाहेरून तो अगदी तंदुरुस्त होता, मान फुगलेली, अंगावर चरबी. रोग दिसायला लागायच्या आधी हरीण वर्ष-दीड वर्ष असंच धडधाकट दिसतं, म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. फ्रीजरमधून २३ च्या २३ पाकिटं काढली, दुहेरी पिशव्यांत बांधली, कचऱ्याच्या गाडीने जातील, जंगलात नेऊन टाकायची नसतात. सुऱ्या आणि पाट ब्लीचच्या पाण्यात. मुलगा विचारत होता की सगळंच का, थोडं तरी ठेवू. नाही.

मांस स्वतः कापलं ते बरं झालं, दुसऱ्याच्या हरणात मिसळलं नाही. आणि फराळाच्या दिवशी पाकीट दिलं नाही तेही.

२६ नोव्हेंबर, रविवार

आजवरचा यंदाचा खर्च डॉलरमध्ये, त्या दोघा-तिघांनी विचारलंय म्हणून: स्टँड-शिड्या २६०, हार्नेस ८०, बाण सहा ७०, पाती ४०, परवाना २४, कुत्री ४०, पेट्रोल अंदाजे १९०. धनुष्य दोन वर्षांपूर्वी जुनं घेतलं ३८० ला. मचाणावर ५७ तास. सुट्ट्या अडीच. व्हिसावर असणाऱ्यांसाठी: इथल्या फेडरल कायद्यात धनुष्य बंदुकीत मोडत नाही, त्यामुळे बंदुकीची कटकट यात नाही.

१६ डिसेंबर, शनिवार

बकची परवानगी संपली, मादीची शिल्लक होती. नोव्हेंबरात राहून गेलेल्या माद्या याच सुमाराला परत माजावर येतात आणि त्याच वर्षी जन्मलेल्या थोराड पाडसांपैकी काही पहिल्यांदाच. पण आता सगळं लक्ष खाण्यावर. बंदुकांनी तीनेक आठवडे हाणल्यामुळे हरणं दचकलेली. बर्फ अजिबात नाही, डिसेंबर वाटतच नाही. जागा बदलली, ओकच्या खाली अजून झडलेली फळं उकरलेली दिसली तिथे, फाट्याकडे वास जाईल असं झाड.

३:२० ला चार माद्या, मागे एक छोटा बक हुंगत. मोठी मादी १४ यार्डांवर. धनुष्य ओढलं. ती माझ्याकडे तोंड करून उभी. धरून ठेवलं. हात थरथरायला लागला, सावकाश सोडून परत खाली घेतलं. तिने मान खाली घातली. परत ओढलं. ती वळली, पुढचा डावा पाय पुढे टाकला, आडवी. आवाज केला नाही. सोडला. ती पळाली, ६० यार्डांवर मला दिसत असतानाच पडली. तरीही घड्याळ लावून अर्धा तास वरच बसून राहिलो. बाणावर गुलाबी फेस.

आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "शोधावं लागलं का?" म्हटलं नाही, पडताना दिसली. "बरं झालं बाई," म्हणाली आणि मग जेवलास का विचारलं.

३० डिसेंबर, शनिवार

परवा ईमेल आला, मादीत सीडब्ल्यूडी आढळला नाही. परवा मार्गशीर्षातला गुरुवार होता म्हणून आज पाकीट काढलं. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, ती सगळी काढून टाका, पांढरा पापुद्राही. पाठीची पट्टी तव्यावर दोन-दोन मिनिटंच, जास्त झाली की रबर. मानेचे तुकडे मात्र हळद-मीठ-आलं-लसूण लावून तासभर ठेवले, सुक्या खोबऱ्याचं वाटण, आईने पाठवलेली कांदा-लसूण चटणी दोन चमचे, आणि तेल मटणापेक्षा जास्त, कारण याला स्वतःचं काहीच सुटत नाही. सहा शिट्ट्यांना उघडून बघितलं, वातड. अजून पाच दिल्या, मग हाडावरून सुटलं.